माऊसचा बॉल गेला, चाक गेलं, बटणंही गेली : स्टीव्ह जॉब्स माऊसच्या एवढा मागे का लागला होता?

शाळेतली कॉम्प्युटर लॅब आठवते का? चपला बाहेर काढायच्या, एका कॉम्प्युटरसमोर तिघांनी दाटीवाटीने बसायचं आणि माऊस अडकला की तो उलटा करून खालची गोल चकती फिरवायची. आतून रबरी गोळी थेट हातात पडायची. आतल्या बारीक रुळांवर मळाचं काळं कडं जमलेलं असायचं. ते नखाने खरवडायचं, गोळी परत आत टाकायची आणि माऊस पुन्हा पळायला लागायचा.

आजच्या पोरांना माऊसमध्ये बॉल असायचा हे सांगितलं तर ती हसतात. आता लॅपटॉपवर नुसतं बोट फिरवलं की काम होतं. काही माऊस तर असे आहेत की वरून बघितलं तर एकही बटण नाही आणि चाकही नाही. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत तुकडा. तरीही त्यावर बोट सरकवलं की पान वर जातं, दोन बोटं आडवी सरकवली की पुढचं पान येतं.

हे सगळं एका माणसाने शोधलेलं नाही. पण हलणारे भाग काढून टाकायचा हट्ट ज्या माणसाने आयुष्यभर धरला तो म्हणजे स्टीव्ह जॉब्स. हा हट्ट कधी जिंकला, कधी पार तोंडावर आपटला. त्याच हट्टाची ही गोष्ट.

कपाटाची मागची बाजू

स्टीव्हचा जन्म २४ फेब्रुवारी १९५५ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. जन्मानंतर त्याला पॉल आणि क्लारा जॉब्स या जोडप्याने दत्तक घेतलं. पॉल हाताने काम करणारा माणूस होता. जुन्या गाड्या विकत घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या. घराच्या गॅरेजमध्ये त्याने पोराला एक बाक तोडून दिला आणि हा तुझा, असं सांगितलं.

बापाकडून स्टीव्हने एक गोष्ट उचलली. कपाट बनवताना भिंतीकडे जाणारी मागची बाजूसुद्धा नीट बनवायची, कारण ती कुणाला दिसली नाही तरी बनवणाऱ्याला माहीत असते. पुढे कॉम्प्युटरच्या आतला सर्किट बोर्डही दिसायला नीटनेटका हवा म्हणून त्याने इंजिनियर लोकांचं डोकं खाल्लं, त्याचं मूळ इथे होतं.

१९७२ मध्ये तो रीड कॉलेजात गेला आणि एकाच सत्रानंतर बाहेर पडला. १९७४ मध्ये अटारी या व्हिडिओ गेम कंपनीत नोकरीला लागला आणि त्याच वर्षी भारतात आला. नीम करोली बाबांच्या कैंची इथल्या आश्रमात जायचं म्हणून आला, पण बाबांनी आदल्या वर्षीच देह ठेवला होता. काही महिने भटकून तो परत गेला आणि पुढे झेन बौद्ध विचारांकडे वळला. कमीत कमी वस्तूंमध्ये राहायची सवय मात्र कायमची लागली. पैसा आल्यावरही त्याच्या घरात बरीच वर्षं फर्निचर म्हणून जवळपास काही नव्हतं.

१ एप्रिल १९७६ ला त्याने स्टीव्ह वॉझनियाक आणि रोनाल्ड वेन यांच्यासोबत अ‍ॅपल सुरू केली. मशीन वॉझनियाक बनवायचा. ते मशीन घरातल्या माणसाला कसं वापरता येईल, याची चिंता जॉब्स करायचा.

लाकडी डबा आणि तीन बटणं

इथे माऊसची आधीची गोष्ट सांगायला हवी. माऊसची कल्पना डग्लस एंगेलबार्ट यांची. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ च्या सुमारास त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला नमुना तयार केला. लाकडाचा डबा, वर एक बटण आणि खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली धातूची दोन चाकं. एक चाक आडवी हालचाल मोजणार, दुसरं उभी. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये भरलेल्या परिषदेत एंगेलबार्ट यांनी तो जगाला दाखवला. १९७० मध्ये पेटंट मिळालं, पण ते संस्थेच्या मालकीचं. एंगेलबार्ट यांना माऊसच्या रॉयल्टीचा एक पैसाही मिळाला नाही.

पुढे हा माऊस झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पोहोचला. होय, जिच्या नावाने आपण आजही कागदाच्या झेरॉक्स काढतो तीच कंपनी. तिथे चाकांच्या जागी बॉल आला आणि वर तीन बटणं आली.

डिसेंबर १९७९ मध्ये २४ वर्षांचा जॉब्स तिथे पोहोचला. अ‍ॅपलचे १ लाख शेअर १० लाख डॉलरला विकत घ्यायची संधी झेरॉक्सला मिळाली होती आणि बदल्यात अ‍ॅपलच्या लोकांना आतलं काम बघायला मिळणार होतं. पडद्यावर खिडक्या उघडताना आणि माऊसने चित्रं हलताना बघून जॉब्स चक्रावला. झेरॉक्सच्या साहेबांना आपल्याकडे काय आहे हे कळलेलंच नाही, अशी त्याची खात्री पटली.

डिओड्रंटच्या बाटलीतून निघालेला माऊस

अडचण पैशाची होती. झेरॉक्सचा माऊस शेकडो डॉलरचा आणि तो लवकर बिघडायचा. जॉब्सने डीन होव्ही या तरुण डिझायनरला बोलावलं आणि मागणी ठेवली : माऊस १५ डॉलरच्या आसपास बनला पाहिजे, दोन वर्षं टिकला पाहिजे आणि साध्या टेबलावरच काय, जीन्सवर घासला तरी चालला पाहिजे.

होव्ही तिथून निघाला तो थेट दुकानात. काखेत लावायच्या रोल-ऑन डिओड्रंटच्या बाटल्या आणि लोण्याचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आला. बाटलीतला बॉल काढला, डब्याखाली बसवला आणि पहिला नमुना तयार! पुढे त्याच्या टीमने आणखी एक डोकं चालवलं. बॉल स्प्रिंगने दाबून न धरता मोकळा सोडला. बॉल फिरला की त्याला टेकलेले दोन रूळ फिरायचे, रुळांच्या टोकाला खाचा पाडलेल्या चकत्या असायच्या आणि खाचांमधून प्रकाश किती वेळा तुटला हे मोजून बाण हलायचा. मळ साचला तर घरच्या घरी साफ करता यावा म्हणून बॉल बाहेर काढायची सोय केली. आपण लॅबमध्ये फिरवायचो ती चकती याच विचारातून आलेली.

आता प्रश्न बटणांचा. अ‍ॅपलमध्ये यावर बराच वाद झाला. लॅरी टेस्लर या झेरॉक्समधून आलेल्या इंजिनियरने कॉम्प्युटर कधीच न वापरलेल्या लोकांना माऊस देऊन बघितला. बटणं जास्त असली की लोक अडखळतात, कुठलं दाबायचं म्हणून हाताकडे बघतात. शेवटी ठरलं की बटण एकच.

पण एक लक्षात घ्या. बटण कमी झालं तरी त्याचं काम कमी होत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतं. निवडायला एकदा टिचकी आणि उघडायला लागोपाठ दोनदा, हे डबल क्लिक अशाच गरजेतून आलं. १९८३ मध्ये लिसा हा कॉम्प्युटर याच एका बटणासह आला, पण त्याची किंमत ९,९९५ डॉलर होती, त्यामुळे तो आपटला. २४ जानेवारी १९८४ ला २,४९५ डॉलरचा मॅकिंटॉश आला आणि माऊस सामान्य माणसाच्या टेबलावर पोहोचला.

त्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवरून जॉब्सने बाणाची बटणंही काढून टाकली होती. लोकांनी माऊसच वापरावा म्हणून! दिवसभर टायपिंग करणाऱ्याला एक अक्षर मागे यायला हात उचलून माऊस पकडावा लागायचा. सप्टेंबर १९८५ मध्ये संचालक मंडळाशी झालेल्या भांडणानंतर जॉब्स अ‍ॅपलमधून बाहेर पडला आणि १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसवर बाणाची बटणं गुपचूप परत आली.

तो नसताना काय झालं?

पुढची अकरा वर्षं जॉब्सने नेक्स्ट ही कंपनी चालवली आणि पिक्सार उभी केली. मधल्या काळात जग थांबलेलं नव्हतं. १९९४ मध्ये अ‍ॅपलने पॉवरबुक ५०० हा लॅपटॉप आणला. त्यात आधीचा फिरणारा ट्रॅकबॉल काढून सपाट ट्रॅकपॅड बसवला होता.

याचं तंत्र समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते. ट्रॅकपॅडच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांसारख्या विद्युतवाहक पट्ट्यांची जाळी असते आणि तिच्यात थोडासा विद्युतभार साठवलेला असतो. बोट जवळ आलं की त्या जागचा भार बदलतो. चिप जाळीचा प्रत्येक कोपरा सेकंदाला अनेकदा तपासते आणि बदल कुठून कुठे सरकला यावरून बोटाची दिशा ओळखते. यात फिरणारं काही नाही आणि झिजणारंही काही नाही. पावसात ओल्या हाताने मोबाईल वेडावाकडा का चालतो, याचं उत्तरही इथेच आहे. पाण्यामुळेसुद्धा भार बदलतो आणि चिप गोंधळते.

म्हणजे माऊसचे हलणारे भाग काढायचा रस्ता जॉब्सच्या माघारीच तयार झाला होता.

गोल माऊसने केलेला घोळ

डिसेंबर १९९६ मध्ये अ‍ॅपलने नेक्स्ट विकत घ्यायचं जाहीर केलं आणि जॉब्स परत आला. १९९७ मध्ये कंपनीची सूत्रं हातात आली, तेव्हा अ‍ॅपल दिवाळखोरीच्या दारात होती. १९९८ मध्ये निळसर पारदर्शक आयमॅक आला आणि कंपनी वाचली. पण त्याच्यासोबत आलेला माऊस म्हणजे डोक्याला ताप.

तो पूर्ण गोल होता. दिसायला एकदम भारी! पण हातात घेतला की पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हेच कळायचं नाही. माऊस उजवीकडे सरकवावा तर बाण तिरका जायचा. लोक माऊसकडे बघत काम करायला लागले. दुसऱ्या कंपन्यांनी या माऊसवर बसवायची लांबट टोपणं विकायला काढली. शेवटी अ‍ॅपलने बटणावर एक खळगा दिला, म्हणजे बोटाला दिशा कळावी.

इथे जॉब्स चुकला तो नेमका कुठे? लांबट आकार हे नुसतं रूप नव्हतं. हाताला दिशा सांगायचं काम तो आकार करत होता. जॉब्सने आकार काढला, पण ते काम करणारं दुसरं काही दिलं नाही. म्हणून ते काम माणसाच्या डोळ्यांवर पडलं. कपाटाची मागची बाजू राहून गेली, पुढची तेवढी चकचकीत झाली.

बॉलही गेला, बटणही गेलं

२००० च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला जॉब्सने नवा प्रो माऊस दाखवला. यात बॉल नव्हता. खालून लाल प्रकाश पडायचा आणि छोटा कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढायचा. दोन फोटोंमध्ये काय सरकलं यावरून हालचाल कळायची. मायक्रोसॉफ्टने असा माऊस आदल्या वर्षीच बाजारात आणला होता. अ‍ॅपलची गंमत वेगळी होती. यावर सुटं बटणच नव्हतं, माऊसचं अख्खं कवच हेच बटण.

त्या टीममधल्या एका इंजिनियरने पुढे सांगितल्यानुसार हा प्रकार योगायोगाने घडला. टेबलावर ठेवलेल्या एका नमुन्यावर बटणांच्या रेषा काढायच्या राहून गेल्या होत्या. जॉब्सची नजर नेमकी त्यावर पडली आणि त्याला तोच आवडला. मग अख्खं कवच दाबलं जाईल अशी रचना शोधणं भाग पडलं.

२००५ च्या ऑगस्टमध्ये माइटी माऊस आला. वरून सलग कवच, पण आतल्या बाजूला स्पर्श ओळखणारे सेन्सर. बोट डावीकडे टेकलंय की उजवीकडे, हे ओळखून माऊस डावं किंवा उजवं क्लिक करायचा. मॅकिंटॉश आल्यानंतर २१ वर्षांनी अ‍ॅपलच्या माऊसवर उजवं क्लिक आलं आणि तेही दुसरं बटण न दाखवता! फक्त उजवं क्लिक करताना डावं बोट उचलायला लागायचं, नाहीतर माऊसला दोन्ही बोटं दिसायची.

वर मात्र एक इवलासा बॉल होता, पान वरखाली करायला. तो फिरवला की बारीक टिकटिक ऐकू यायची. ती टिकटिक बॉलची नव्हतीच, आत बसवलेल्या छोट्या स्पीकरची होती. हाताला कळावं म्हणून यंत्राने केलेलं नाटक.

आणि याच बॉलने घात केला. बोटांचा मळ आत जायचा आणि बॉल अडकायचा. जुन्या माऊससारखा तो उघडून साफ करायची सोय नव्हती. लोक माऊस उलटा करून कागदावर घासत बसायचे. वीसहून अधिक वर्षांपूर्वी होव्हीच्या टीमने सोडवलेला प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहिला होता.

दुखऱ्या हातांमधून आलेलं उत्तर

उत्तर २००५ मध्येच कंपनीच्या आत येऊन पोहोचलं होतं. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन नावाचा संशोधक होता. त्याचे हात इतके दुखायचे की टायपिंग करणं नकोसं व्हायचं. बटण दाबायला जोर लागतो, मग जोर न लावता चालेल असं काही करता येईल का, या विचारातून त्याने आपले प्राध्यापक जॉन एलियास यांच्यासोबत फिंगरवर्क्स ही कंपनी काढली. एकाच वेळी अनेक बोटं ओळखणारे सपाट कीबोर्ड आणि पॅड ते बनवायचे. अ‍ॅपलने ही कंपनी विकत घेतली आणि तिची उत्पादनं बंद झाली. हातांच्या दुखण्यामुळे त्यावर अवलंबून असलेल्या लोकांसाठी ही वाईट बातमी होती.

या ज्ञानाचा मोठा वाटा ९ जानेवारी २००७ ला जगाने बघितलेल्या आयफोनमध्ये गेला. बटणांचा कीबोर्ड नाही, पेन नाही, फक्त बोटं. तोवर स्टीव्हचं शरीर साथ सोडायला लागलं होतं. ऑक्टोबर २००३ मध्ये त्याच्या स्वादुपिंडात गाठ सापडली. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, पण नऊ महिने तो आहार आणि इतर उपायांवर अडून राहिला. जुलै २००४ मध्ये ऑपरेशन झालं. मार्च २००९ मध्ये यकृत बदलावं लागलं. जूनअखेर तो कामावर परतला.

त्याच वर्षी २० ऑक्टोबरला मॅजिक माऊस आला. वरचा छोटा बॉल गेला आणि अख्ख्या पाठीवर स्पर्श ओळखणारी जाळी आली. बोट सरकवा, पान सरकेल. जोरात सरकवून बोट उचला, पान थोडं पुढे जाऊन हळूहळू थांबेल, एखादं खरं चाक थांबावं तसं. अडकायला आत बॉलच नव्हता, त्यामुळे मळाचा प्रश्नच मिटला. यावेळी काढलेल्या भागाचं काम जाळीने, चिपने आणि सॉफ्टवेअरने उचललं होतं, माणसाच्या अंगावर टाकलं नव्हतं.

तरी सगळं गोड नव्हतं. माऊस इतका चपटा की अनेकांच्या तळव्याला आधारच मिळेना. डिझाईनवाल्यांना लागणारं मधलं बटण गायब. कुठल्या बोटाने काय होतं हे वरून बघून कळायची सोय नाही, ते शिकावंच लागायचं. आणि एक हलणारा भाग शिल्लकच होता. क्लिक करताना कवच खाली दाबलं जायचं आणि आतलं छोटं बटण खरोखर वाजायचं.

त्याच्यानंतर

२४ ऑगस्ट २०११ ला जॉब्सने सीईओपद सोडलं आणि ५ ऑक्टोबर २०११ ला, वयाच्या ५६ व्या वर्षी तो गेला.

उरलेलं क्लिक त्याच्या माघारी गेलं, पण माऊसमधून नाही. २०१५ मध्ये अ‍ॅपलच्या लॅपटॉपवर असा ट्रॅकपॅड आला जो दाबला तरी खाली जात नाही. बोटाचा दाब मोजला जातो आणि विद्युतचुंबकाने पृष्ठभागाला किंचित झटका दिला जातो. मेंदूला वाटतं की बटण दाबलं गेलं. लॅपटॉप बंद करून दाबून बघितलं तर काहीच होत नाही, नुसती काच!

त्याच वर्षी नवा मॅजिक माऊसही आला आणि त्याचं चार्जिंगचं भोक दिलं पोटाखाली. चार्जिंगला लावला की तो पाठीवर पडलेल्या झुरळासारखा उताणा. त्यावरचे मीम्स तुम्ही बघितले असतीलच. २०२४ मध्ये चार्जिंगची पिन बदलली, पण भोक जिथे होतं तिथेच राहिलं.

एकाच कंपनीने एकाच वर्षी केलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की स्टीव्हचा हट्ट कधी बरोबर ठरायचा आणि कधी चुकायचा हे स्पष्ट दिसतं. ट्रॅकपॅडमध्ये क्लिक काढलं, पण बोटाला मिळणारी जाणीव जपली, त्यासाठी आत नवं यंत्र बसवलं. माऊसमध्ये पुढची कड गुळगुळीत राहिली आणि त्याची किंमत काम थांबवून बसणाऱ्या माणसाने मोजली.

आता गाडीतली एसीची बटणं जाऊन तिथे स्क्रीन येतेय, घरातल्या शेगडीवर आणि वॉशिंग मशीनवरही टच आलाय. दुकानदार म्हणेल, बघा किती साधं आहे. तेव्हा त्याला एवढंच विचारायचं, जे बटण काढलं त्याचं काम आता कोण करतंय? उत्तर मशीन असेल तर खुशाल घ्या. उत्तर तुमचे डोळे आणि तुमची बोटं असतील, तर तो आयमॅकचा गोल माऊसच आहे, फक्त नव्या रूपात.